विरघळणारी परांची

एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरून अण्णा बराच वेळ उभे होते. माणमधल्या माझ्या खोलीला ही एकच मोठी खिडकी आहे. पलीकडे एक टॉवर चढत होता, त्याला हिरवी जाळी गुंडाळलेली, आणि त्या हिरव्या उजेडात माझी नडगी लटकत होती. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत टायटॅनियमचा रॉड, वर-खाली स्क्रू, आणि मध्यावर कुणीतरी साबुदाणा सांडावा तसे पांढरे ठिपके.

"हे ठिपके कशाचे?"

"दाणे आहेत, अण्णा. सिरॅमिकचे. हाडातल्या खड्ड्यात भरलेत."

"म्हंजी खडी."

"तसंच काहीतरी. डॉक्टर त्याला स्कॅफोल्ड म्हणतात. आपल्या भाषेत परांची."

"मग काढणार कव्हा?"

"काढायची नाही. आतल्या आत विरघळते."

अण्णांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. फिल्म खाली घेऊन ते म्हणाले, "परांची आपसूक विरघळली तर तिच्यावर उभा राह्यलेला माणूस कुठं जाईन?"

तेव्हा मी हसलो. पुढचे काही महिने पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या जे काही वाचलं, त्यातलं निम्मं याच प्रश्नाबद्दल होतं.

*

मॅपवर 'हिंजवडी फेज तीन' म्हणून जे दिसतं त्यातला बराचसा भाग खरं तर माण गावाचा आहे, तालुका मुळशी. शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचं हे टोक, तिचा डेपोही इथेच. गावात देवळाजवळ अजून जुनी घरं दिसतात, आणि पाच मिनिटं चाललं की मेगापोलिसचे टॉवर. मधल्या रस्त्यावरून दिवसरात्र डंपर आणि काँक्रीटचे फिरते ड्रम. नोव्हेंबर २०२३ मध्ये रात्री साडेअकराला ऑन-कॉल संपवून मी बाइकवरून खोलीवर येत होतो. वळणावर खडी सांडलेली होती. कुणाच्या डंपरमधून सांडली ते कुणालाच माहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हतीही. माझ्या नडगीचा दीडेक सेंटिमीटरचा तुकडा मात्र त्या वळणावर राहिला. हाड कातडीतून बाहेर आलं होतं, माती लागली होती. जे तुकडे मेले होते ते डॉक्टरांनी काढून टाकले.

रॉड बसला. जखम भरली. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तर हाड मागच्या बाजूने जुळलेलं, पुढे मोकळी फट. याला नॉन-युनियन म्हणतात. शब्द ऐकायला कामगार चळवळीतला वाटतो, पण अर्थ एवढाच की शरीराने त्या जागेचं काम सोडून दिलं. मोडलेलं हाड जुळवण्यात शरीर पटाईत असतं, मात्र अंतर फार पडलं की मधल्या जागेत मऊ तंतू भरतात आणि विषय संपतो. पेशींना चालत पलीकडे जायला काहीतरी पायाखाली लागतं.

डॉक्टरांनी पर्याय सांगितले. सर्वांत चांगलं म्हणजे स्वतःच्याच कमरेचं हाड. त्यात जिवंत पेशी असतात, खनिज असतं, प्रथिनं असतात, आणि शरीर त्याला परकं मानत नाही. पण ते मर्यादित निघतं, आणि जिथून काढतात ती जागा नंतर बरेच दिवस दुखते (दुखली. नडगीपेक्षा जास्त). दुसरा पर्याय दान केलेलं मानवी हाड. तिसरा जनावराचं, बहुतेक वेळा गुरांचं, प्रक्रिया करून सगळे सेंद्रिय अंश काढलेलं. चौथा कारखान्यात बनवलेलं.

"जनावराचं नको," अण्णा म्हणाले. त्यांच्या गळ्यात वीस वर्षं माळ आहे. मी वैतागलो, कारण पाय माझा होता. पण डॉक्टर वैतागले नाहीत. कमरेचं थोडं आणि कारखान्यातलं थोडं, असं मिसळून भरू म्हणाले. पाच सीसीची कुपी. तिची किंमत माझ्या खोलीच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती आणि इन्शुरन्सने ती मंजूर केली. मंजुरीचा मेसेज आला तेव्हा अण्णा शेजारीच बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, आणि मी दुसरीकडे बघितलं.

*

त्या हाताचं सांगायला हवं.

२०१३ मध्ये, मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात, अण्णा जालन्यात एका दुमजली घराच्या परांचीवरून पडले. मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर होऊ शकलं असतं, पण रोज जाणं-येणं, खाडा, आणि कुणीतरी सांगितलेला ऑपरेशनचा खर्च. ते एका हाडवैद्याकडे गेले. त्याने ओढून बसवलं, कांडवेलीचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं. वाकडं जुळलं. तेव्हापासून तळहात पूर्ण वर वळत नाही, म्हणजे प्रसाद घेताना ते डावा हात पुढे करतात आणि लगेच ओशाळून उजवा त्याच्याखाली धरतात. थापी डाव्या हाताने चालवायला शिकले.

त्याच महिन्यात माझ्या अकरावीच्या शिकवणीची फी भरली गेली. मला तेव्हाही माहीत होतं की पैसे एकच होते. नंतर कधीतरी कळलं, असं मी आजवर लोकांना सांगत आलोय, पण मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी काहीच बोललो नाही.

*

घरून काम सुरू झालं तरी दिवस उरायचा. शाळेत न केलेला एक प्रयोग मी खोलीवर केला. रूममेटने बिर्याणी मागवली होती, त्यातली दोन बारीक हाडं धुऊन घेतली. एक व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, रोज व्हिनेगर बदललं. दुसरं गॅसवर चिमट्यात धरून पांढरं होईपर्यंत भाजलं. अण्णा गॅलरीत जाऊन बसले आणि म्हणाले, या घरात आता मी पाणीसुद्धा पिणार नाही. (संध्याकाळी चहा घेतला.)

पाचव्या दिवशी व्हिनेगरमधलं हाड रबरासारखं वाकत होतं. आकार तोच, पण आतलं खनिज ॲसिडने विरघळून गेलेलं. भाजलेल्या हाडाचाही आकार तोच होता. बोटांत दाबलं तर खडूसारखा चुरा झाला. त्यातले तंतू जळून गेले होते. मी दोन्ही अण्णांना दाखवली. हात न लावता, लांबूनच बघून ते म्हणाले, "एकात सळई राह्यली, एकात सिमेंट."

याहून सोपं मी कुठे वाचलेलं नाही. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, हायड्रॉक्सीॲपेटाइट नावाच्या खनिजाच्या जातीचं. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी. खनिज दाब सोसतं पण ठिसूळ. कोलॅजेन ताण सोसतं पण लवचीक. काँक्रीट आणि सळईचं नातं असंच आहे. आणि माती-भुश्श्याचं, शेणाने सारवलेल्या भिंतीचंही. जुन्या वाड्यांचा चुना घाणीत मळताना त्यात गूळ, बेलफळाचा गर, डिंक घालायचे. खनिज आणि झाडातून आलेला चिकट पदार्थ, एकत्र. अण्णांच्या उस्तादाने ते काम केलेलं होतं.

फरक मापात आहे. सळई आणि काँक्रीट डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. हाडात कोलॅजेनचे रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतात, ते एकमेकांशेजारी पायऱ्या-पायऱ्यांनी सरकवून रचलेले असतात, आणि त्या रचनेत दर ६७ नॅनोमीटरला एक फट येते. काही नॅनोमीटर जाडीच्या खनिजाच्या पापुद्र्या त्या फटींच्या आत वाढतात. म्हणजे सिमेंट सळईच्या भोवती नाही, सळईच्या पोटात भरलेलं आहे. प्रयोगशाळेत कोलॅजेनचा लगदा घेऊन त्यात हायड्रॉक्सीॲपेटाइटची पूड ढवळली तर पुडीच्या गुठळ्या होतात आणि त्या तंतूंच्या बाहेर चिकटून बसतात. घटक तेच, प्रमाणही तेच, तरी हाड होत नाही. लोकांनी यावर उपाय शोधलेत, खनिज आधी द्रवासारखं ठेवून तंतूत शिरू द्यायचं आणि मग घट्ट होऊ द्यायचं. पण भांड्यात जमलेलं पाच सीसीच्या कुपीत, निर्जंतुक करून, दोन वर्षं टिकेल असं भरणं वेगळी गोष्ट. वाफेवर निर्जंतुक करायला जावं तर कोलॅजेनचं जिलेटिन होतं, म्हणजे पायाचं सूप. गॅमा किरण मारावेत तर पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. माझ्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात.

*

शरीरात घातलेल्या वस्तूचं काय व्हावं, ही अपेक्षाच पन्नास-साठ वर्षांत बदलली. आधी वस्तू निमूट पडून राहिली की पुरे होतं. १९६७ मध्ये लॅरी हेंच नावाचे काचशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक एका परिषदेला बसने जात होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी होता. त्याने विचारलं, शरीर नाकारणार नाही असं काही तुम्ही बनवू शकता का? हेंच यांनी १९६९ मध्ये कॅल्शियम, सोडियम, फॉस्फरस आणि सिलिका यांची अशी काच बनवली की उंदराच्या मांडीच्या हाडात बसवल्यावर ती ओढून निघेना. हाड तिला जुळलं होतं. तोवर काचेबद्दल अशी कुणाची कल्पनाही नव्हती.

पुढची अपेक्षा आणखी विचित्र: जुळावं, आणि मग जावंही.

माझ्या कुपीत दोन प्रकारची खनिजं मिसळलेली होती, ६० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि ४० टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. पहिलं भट्टीत भाजून घट्ट केलेलं असलं की वर्षानुवर्षं हलत नाही. दुसरं काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत विरघळायला लागतं. एक टिकणारं, एक जाणारं, म्हणून मिश्रण. दाण्यांत भोकं असतात, आणि भोकांचं माप महत्त्वाचं: शंभर मायक्रॉनपेक्षा लहान असली तर रक्तवाहिन्या नीट शिरत नाहीत, तीनशेच्या पुढे बरं. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या. भोकं एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर ती दारं नसलेल्या खोल्यांसारखी. पण भोकं वाढवली की ताकद कमी होते. सगळीकडे अशी ओढाताण.

पॉलिमर इथे कामाला येतं. नुसते सिरॅमिकचे दाणे सुट्या वाळूसारखे असतात, सर्जनच्या बोटांतून निसटतात, ठिसूळ असतात. त्यांना कोलॅजेन, कोळंबीच्या टरफलातून मिळणारं कायटोसान, किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिड यांच्यात बांधलं तर त्याचा स्पंज करता येतो, हवा तसा कापता येतो. पॉलिलॅक्टिक ॲसिड मोडताना लॅक्टिक ॲसिड सुटतं आणि आसपासची जागा आंबट होते, पेशी चिडतात. आणि शेजारचं कॅल्शियम फॉस्फेट तेच ॲसिड शोषून सौम्य करतं. हे वाचलं त्या रात्री मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. एकाच्या जाण्यातला त्रास दुसरा झेलतोय, एवढंच.

हे जाणं किती वेगाने व्हावं, हा अण्णांचा प्रश्न. आधी गेलं तर खड्डा पुन्हा मोकळा. फार राहिलं तर नवं हाड मध्ये येऊ शकत नाही, आणि भार त्या परक्या वस्तूवरच राहतो. मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू चौदा दिवसांआधी काढत नाहीत, असं अण्णा सांगतात. त्यांना तारीख माहीत असते. इथे प्रत्येक शरीराची तारीख वेगळी. पंचवीस वर्षांच्या खेळाडूची वेगळी, मधुमेह असलेल्या साठीच्या बाईची वेगळी, सिगारेट ओढणाऱ्याची वेगळी (मी सोडली). मी ज्या प्रणालीवर काम करतो तिच्यात 'तात्पुरतं, नंतर काढू' अशी कमेंट २०१४ पासून आहे. ती लिहिणारा नोकरी सोडून गेला. तो कोड काढला तर काय पडेल ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. वेळेवर जाणारी वस्तू बनवणं मला तेव्हापासून टिकणारी वस्तू बनवण्याहून अवघड वाटायला लागलंय.

*

माणपासून पाषाण फार लांब नाही, ट्रॅफिक सोडला तर. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. अनुया निसळ यांनी रेशमावर काम केलं आणि त्यातून सेरिजेन नावाची कंपनी उभी राहिली. रेशमातल्या फायब्रोइन या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरायचा पदार्थ करायचा, हे त्यांचं काम. मी ते वाचून मामाला फोन लावला. मामा जालना जिल्ह्यात तुती लावतो, शेडमध्ये अळ्या पोसतो. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली, तोवर त्याला माल घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. लहानपणी सुट्टीत मी त्याच्याकडे चंद्रिकेवरून कोष वेचलेत. अळ्यांचा पाला खाण्याचा आवाज पावसासारखा येतो.

"तुझ्या कोषाचं हाड करतात म्हणे," मी म्हणालो.

"भाव किती देत्यात?" मामा म्हणाला.

कोषाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. बाहेरचं चिकट सेरिसिन, ते सोड्याच्या पाण्यात उकळून काढतात. आतलं फायब्रोइन. ते विरघळवून पुन्हा हव्या त्या आकारात घट्ट करता येतं, ते मजबूत असतं, आणि शरीरात सावकाश मोडतं. किती सावकाश ते बनवण्याच्या पद्धतीवरून बरंचसं ठरवता येतं. मला त्यातलं 'ठरवता येतं' आवडलं. जखमा शिवायला रेशमाचा धागा शतकानुशतकं वापरात आहे, त्यामुळे शरीराची त्याच्याशी ओळख जुनी. अण्णांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न अळ्या उकळत्या पाण्यात जातात का, हा होता. जातात, वाफेवर किंवा उन्हातही मारतात. ते गप्प झाले. मग म्हणाले, "धोतर तर आपून नेसतोच." त्यांचं एकच रेशमी सोवळं आहे.

*

जून २०२४ मध्ये दाणे भरले. तीन महिने कुबड्या. मग डॉक्टर म्हणाले, आता भार टाका. मला वाटलं चुकून म्हणाले. इतका महाग खड्डा भरलाय आणि त्याच्यावर उभं राहायचं? पण हाडाला भाराची खबर लागल्याशिवाय ते बांधकाम करत नाही. यूलियुस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच हे मांडलं होतं: जसा भार, तशी हाडाची घडण. हाड खाणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत कामावर असतात. भार नसला तर खाणाऱ्या पुढे निघून जातात.

बाथरूमच्या वजनकाट्यावर डावा पाय ठेवून वीस किलो दाखवेपर्यंत दाबायचं, पुढच्या आठवड्यात तीस. अण्णा काट्याचा आकडा वाचायचे. पंचवीसला मला घाम फुटायचा. दुखायचं नाही तितकं. भीती वाटायची, आतून खडी सरकल्याचा आवाज येईल अशी. "दाब अजून," अण्णा म्हणायचे, "क्युरिंग झालंय." एकदा चिडून म्हणालो, तुम्हाला काय माहीत? ते म्हणाले, "मला कसं माहीत आसंन." आणि आकडा वाचत राहिले.

सव्वा वर्ष झालं. फट भरली. परवाच्या एक्स-रेमध्ये ठिपके पुसट झालेत, कडा नव्या हाडात मिसळल्यात, पण सगळे गेलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात काही माझ्याबरोबरच राहतील. मी किंचित लंगडतो, पावसाळ्यात जास्त. बाइक विकली.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना अण्णांचा हात दाखवला. त्यांनी मनगट दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं, कुठे अडतं ते पाहिलं. म्हणाले, वाकडं जुळलेलं हाड पुन्हा कापून सरळ करता येतं, मध्ये पाचरीसारखी जी फट पडेल ती भरायची. आता वयाप्रमाणे किती फायदा होईल ते एक्स-रे बघून बोलू. अण्णा म्हणाले, डाव्या हाताने चाललंय की. मग मला म्हणाले, "त्या खडीचा खर्च किती येईन?" मी म्हणालो, इन्शुरन्समध्ये आईवडील असतात. हे अर्धंच खरं होतं. आईवडिलांचा हप्ता वेगळा भरायचा असतो, आणि तो मी पहिल्यांदा याच एप्रिलमध्ये भरला. सहा वर्षं नोकरी करून.

एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ मुलगा माझ्याहून लहान होता. "काका, तळहात पूर्ण वर करा, सपाट." अण्णांनी केला. झाला तेवढा. "अजून थोडा." अण्णांनी खांदा वाकवला, कोपर उचललं, सगळं शरीर एका बाजूला झुकवून बघितलं. हात पाटीवर टेकेना. मुलाने खालून कापसाची छोटी उशी सरकवली, म्हणाला, राहू द्या असाच, आणि मला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं.